७.८ किलोपास्कल म्हणजे नेमकं काय?

फायब्रोस्कॅन म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बघायची तपासणी. तिच्या रिपोर्टवर '७.८ केपीए', म्हणजे किलोपास्कल, असा आकडा छापून येतो. पेशंट, नातेवाईक आणि कधीकधी रिपोर्ट बघणारे डॉक्टरसुद्धा तो शुगर किंवा क्रिएटिनिनसारखा वाचतात. ७ पर्यंत चांगलं, ८ झालं की काळजी. हा आकडा असा वाचायचा नसतो, कारण यंत्रानं कडकपणा थेट मोजलेलाच नसतो. त्यानं लिव्हरमधून जाणाऱ्या एका लाटेचा वेग मोजलेला असतो, या उदाहरणात सेकंदाला १.६१ मीटर. पुढचं सगळं गणित आहे: ऊतीची घनता गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले तीन. घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १००० किलो, धरून चालतात. १.६१ चा वर्ग २.५९, त्याची तिप्पट ७.८.

या लाटेचा वेग किती कमी आहे हे आधी डोळ्यांसमोर आणा. निरोगी लिव्हरमध्ये ती सेकंदाला साधारण १.३ मीटर जाते, म्हणजे ताशी पावणेपाच किलोमीटर. सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला येणारा माणूस याच चालीनं चालतो. लिव्हर पुरतं घट्ट झालं आणि वेग २.४ वर गेला, तर ताशी साडेआठ किलोमीटर, म्हणजे सावकाश पळणारा माणूस. निरोगी आणि गंभीर आजारी लिव्हरमध्ये चालणं आणि हळू पळणं एवढाच फरक असतो. तो मोजताना वेगात १० टक्के चूक झाली की वर्ग केल्यामुळे किलोपास्कलमध्ये ती २१ टक्के होते. तपासणीच्या खोलीतली सगळी शिस्त या एका गोष्टीसाठी आहे.

कोल्हापुरात ही गोष्ट समजावायला फौंड्रीचं उदाहरण सगळ्यात सोपं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगची अल्ट्रासॉनिक टेस्टिंग रोज चालते. एसजी आयर्न या ओतीव लोखंडात ग्राफाइटचे गोळे नीट बनलेत का, हे आवाजाच्या लाटेच्या वेगावरून ताडतात. तत्त्व तेच: माल कसा आहे ते लाट किती वेगानं जाते यावरून कळतं. पोलादात दाबाची लाट सेकंदाला सुमारे ५९०० मीटर जाते आणि शिअर लाट, म्हणजे कण जाण्याच्या दिशेला आडवे हलवत जाणारी लाट, सुमारे ३२०० मीटर. दोन्ही एकाच तोलाच्या. शरीराच्या मऊ भागात मात्र दाबाची लाट १५४० मीटरच्या आसपास आणि शिअर लाट एक ते काही मीटर. हजारपटीचा फरक.

हा फरक का पडतो? मऊ ऊती बहुतांश पाणी आहे आणि पाणी दाबून आकसत नाही. त्यामुळे दाबाच्या लाटेचा वेग लिव्हर निरोगी असो वा सिरोसिसचं (व्रणांनी कडक झालेलं), फारसा हलत नाही. साध्या सोनोग्राफीत कडकपणा दिसत नाही त्याचं कारण हेच. आकार बदलायला ऊती किती विरोध करते ते शिअर लाटेलाच कळतं, आणि तो विरोध मऊ चरबीपासून कडक गाठीपर्यंत शेकडो पटींनी बदलतो. गुऱ्हाळावर गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी वळून बघतो, तेव्हा त्याची बोटं हाच विरोध चाचपत असतात. पोटावर हात ठेवून 'लिव्हर हाताला लागतंय, कडक आहे' म्हणणारा डॉक्टरही तेच करतो. यंत्रामुळे त्या स्पर्शाला आकडा मिळाला.

आणि हाच हजारपटीचा फरक मोजमाप शक्य करतो. आवाजाची लाट ६ सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला ७८ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात शिअर लाट जेमतेम ०.१२ मिलिमीटर सरकते. म्हणजे वेगवान लाटेनं संथ लाटेचे सेकंदाला हजारो फोटो काढता येतात. ऊती हलते ती काही मायक्रॉननं, केसाच्या जाडीपेक्षा पुष्कळ कमी, पण लागोपाठच्या प्रतिध्वनींची तुलना केली की तेवढी हालचालही पकडता येते.

शिअर लाट उठवायच्या तीन तऱ्हा आहेत आणि रिपोर्ट वाचताना यातली कुठली वापरली हे कळलंच पाहिजे.

पहिली फायब्रोस्कॅनची. प्रोबचं टोक त्वचेवर हलकी टिचकी मारतं, ५० हर्ट्झचं एक कंपन. लाट आत जाते आणि त्याच रेषेवरून सोनोग्राफी तिचा पाठलाग करते. नेहमीचा एम प्रोब त्वचेपासून २५ ते ६५ मिलिमीटरच्या पट्ट्यात मोजतो, जाड माणसांसाठीचा एक्सएल प्रोब ३५ ते ७५ मध्ये. पडद्यावर बघायची ती एक तिरकी रेघ: आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर खोली. त्या रेघेचा उतार म्हणजे वेग. ४० मिलिमीटरचा पट्टा पार करायला निरोगी लिव्हरमध्ये ३० मिलिसेकंद लागतात, फार कडक लिव्हरमध्ये १०. रेघ सरळ, एकसंध आणि ठळक हवी. ती तुटक किंवा वाकडी दिसली, तर यंत्रानं आकडा दिला तरी तो धरू नये. या यंत्राची वरची मर्यादा ७५ किलोपास्कल आहे. वरच्या सूत्रात ५ मीटर प्रति सेकंद घालून बघा, तेवढेच येतात.

दुसरी तऱ्हा नेहमीच्या सोनोग्राफी मशीनमधली. इथे टिचकी बाहेरून नसते. प्रोबच एका बिंदूवर जोरदार पल्स केंद्रित करतो. साधा इमेजिंग पल्स एक-दोन मायक्रोसेकंदांचा, हा शेकडो मायक्रोसेकंदांचा. त्या रेट्यानं लिव्हरच्या आतच ऊती सुमारे १० मायक्रॉन ढकलली जाते आणि लाट बाजूंना पसरते. एका छोट्या चौकोनात मोजलं तर पॉइंट शिअर वेव्ह, रंगीत नकाशा काढला तर टू-डी. पॅरिसमध्ये मॅथियास फिंक यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून फायब्रोस्कॅनही आलं आणि टू-डी पद्धतीतली सुपरसॉनिक इमेजिंगही. सुपरसॉनिकमध्ये वेगवेगळ्या खोलीवर एकामागून एक रेटे देतात, तेही शिअर लाटेपेक्षा जास्त वेगानं. त्यामुळे आवाजापेक्षा वेगवान विमानामागे होतो तसा लाटांचा शंकू तयार होतो आणि मोठा भाग एकदम मोजला जातो.

तिसरी एमआर इलास्टोग्राफी. मेयो क्लिनिकमध्ये मुथुपिल्लई, एहमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती मांडली. उजव्या छातीवर प्लास्टिकची चपटी डबी बांधतात, बाहेरच्या खोलीतून नळीवाटे हवेचे ठोके येतात आणि ६० हर्ट्झची लाट सतत लिव्हरमध्ये जात राहते. वेग १.५ मीटर असेल तर तरंगलांबी २५ मिलिमीटर. एमआर ती थेट चित्रात दाखवतं. यात लिव्हरचा फार मोठा भाग मोजला जातो आणि जाडीचा अडसर जवळपास नसतो. अडचण लोहाची. थॅलेसेमियात वरचेवर रक्त चढवलेल्या पेशंटच्या लिव्हरमध्ये लोह साठलं की नेहमीच्या सिक्वेन्सला (स्कॅनच्या पद्धतीला) सिग्नलच मिळत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. चुका इथेच होतात.

पेशंट उपाशी हवा, किमान ३ तास, शक्यतो ४. जेवल्यावर पोर्टल शिरेतलं, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला येणाऱ्या शिरेतलं, रक्त वाढतं, लिव्हर फुगतं आणि आकडा चढतो. सकाळी ८ ला मिसळ खाऊन साडेनऊला टेबलावर झोपलेल्या माणसाचा आकडा घेऊ नये, त्याला थांबवावं किंवा दुसऱ्या दिवशी बोलवावं. 'फक्त चहा आणि दोन पाव' हेही खाणंच. घोटभर पाणी चालतं. अपॉइंटमेंट देतानाच फोनवर हे स्पष्ट सांगितलं तर निम्मा त्रास वाचतो.

पाठीवर झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावा, म्हणजे बरगड्यांमधल्या फटी उघडतात. प्रोब मिडअॅक्झिलरी रेषेच्या, म्हणजे काखेच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेच्या, आसपास, लिव्हरच्या उजव्या लोबवर (भागावर), बरगड्यांच्या फटीत. फायब्रोस्कॅनमध्ये प्रोब त्वचेला काटकोनात हवा. जरा तिरका धरला तर लाट एका दिशेनं जाते, मागोवा दुसऱ्या दिशेनं घेतला जातो आणि वेग खोटा येतो. सोनोग्राफी मशीनवर लिव्हरचं आवरण पडद्यावर आडवं सपाट दिसेल असा प्रोब धरा. मोजायचा चौकोन आवरणापासून दीड-दोन सेंटीमीटर खाली, कारण त्याच्या लगतच्या पट्ट्यात प्रतिध्वनींचा गोंधळ असतो. प्रोबपासून ४ ते साडेचार सेंटीमीटरवर रेटा सगळ्यात चांगला लागतो. सहा-साडेसहाच्या खाली तो क्षीण होतो आणि येणारा आकडा भरवशाचा नसतो. मोठी शीर, पित्ताशय आणि बरगडीची सावली टाळा. डाव्या लोबवर मोजू नका: हृदयाचे ठोके थेट तिथे पोचतात आणि आकडा चढा येतो.

श्वासाचं सगळ्यात जास्त चुकतं. 'श्वास रोखा' म्हटलं की आपली माणसं छाती भरून दम धरतात, एक्स-रेला सवय असते तशी. दीर्घ श्वासात शिरांमधला दाब वाढतो आणि लिव्हर कडक मोजलं जातं. म्हणून वाक्यच वेगळं हवं: 'मामा, नेहमीसारखा श्वास घ्या... सोडा... आता तसंच थांबा.' तीन ते पाच सेकंद पुरतात. मावशी घाबरलेल्या असतील तर आधी एक-दोनदा सराव करून घ्या. हा एक मिनिट सगळ्या तपासणीत सर्वात किमती आहे.

टू-डीमध्ये चौकोन ठेवल्यावर लगेच फ्रीझ करू नका. रंग तीन-चार सेकंद स्थिर झाला पाहिजे. मोजमाप किती भरवशाचं ते दाखवणारा वेगळा नकाशा असेल तर तो शेजारी ठेवून मगच वर्तुळ टाका, किमान १० मिलिमीटर व्यासाचं. फायब्रोस्कॅन आणि पॉइंट पद्धतीत दहा वैध मोजमापं घेतात. टू-डीमध्ये प्रत चांगली असेल तर तीन ते पाच पुरतात. मग मध्यक (ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि आयक्यूआर (मधली निम्मी मोजमापं किती पसरली आहेत ते). किलोपास्कलमध्ये आयक्यूआर मध्यकाच्या ३० टक्क्यांपर्यंत हवा, मीटर प्रति सेकंदात १५ टक्क्यांपर्यंत. हे दोन वेगळे नियम का, याचं उत्तर सुरुवातीच्या सूत्रातल्या वेगाच्या वर्गात आहे. ७.८ मध्यकावर २.० आयक्यूआर म्हणजे सुमारे २६ टक्के, चालेल. ३.१ असेल तर ४० टक्के, आणि त्या ७.८ ला अर्थ नाही. रिपोर्टवर आयक्यूआर नसेल तर तो मागून घ्या. माझ्या मते त्याच्याशिवाय आकडा देणं म्हणजे वजन सांगून काटा लपवणं.

एवढं सगळं नीट केलं तरी फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमधले तंतुमय व्रण, नसताना आकडा वाढू शकतो. तीव्र हिपॅटायटिस हे ठळक कारण. एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ततपासणी) सामान्य मर्यादेच्या पाचपटीवर असेल तर सुजलेलं लिव्हर सिरोसिसच्या पट्ट्यात मोजलं जाऊ शकतं. सूज उतरल्यावर पुन्हा मोजावं. उजव्या बाजूचं हृदय कमजोर पडलं की रक्त लिव्हरमध्ये तुंबतं, तिथेही तसंच. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली असेल तर आधी तो अडथळा काढावा. चालू असलेली दारू हेही कारण आहे. ती बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा उतरलेला दिसतो, म्हणून इतिहास न विचारता टप्पा ठरवू नये. पोटात पाणी झालेलं असेल तर फायब्रोस्कॅनची लाट लिव्हरपर्यंत पोचतच नाही, कारण शिअर लाट द्रवातून जात नाही. आतच उठणारी रेट्याची लाट तिथे काही वेळा उपयोगी पडते.

फॅटी लिव्हरबद्दल एक गोंधळ कायम दिसतो. रिपोर्टवर दुसरा आकडा असतो, सीएपी, १०० ते ४०० डेसिबल प्रति मीटर. तो चरबीचा. चरबी आवाज शोषते आणि तो क्षय यात मोजलेला असतो. त्याचा कडकपणाशी थेट संबंध नाही. सीएपी ३३० आणि कडकपणा ५ असलेला माणूस चरबीदार पण मऊ लिव्हरचा. सीएपी खाली आला आणि कडकपणा वर गेला तर ती सुधारणा समजू नये. सिरोसिस पुढे गेल्यावर चरबी कमी होत जाते.

मग ७.८ चं काय करायचं? सोनोग्राफी मशीनवरच्या पद्धतींसाठी अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंडनं २०२० मध्ये चारचा नियम दिला. ५ पर्यंत सामान्य. ९ च्या खाली, इतर खुणा नसतील तर, बळावलेला जुनाट आजार नाही असं धरता येतं. ९ ते १३ संशयाचा पट्टा, आणखी तपासणी लागू शकते. १३ च्या वर आजार आहे असं मानतात आणि १७ च्या वर पोर्टल दाब वाढलेला असण्याची शक्यता. फायब्रोस्कॅनसाठी पोर्टल दाबावरच्या तज्ज्ञांच्या बावेनो ७ परिषदेची पाचाची पायरी आहे: ५, १०, १५, २०, २५. १० च्या खाली आणि खुणा नसतील तर बळावलेला आजार नाही, १५ च्या वर दाट शक्यता. फायब्रोस्कॅन २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला लगेच एंडोस्कोपीची गरज नाही, असाही निकष आहे. म्हणजे ७.८ हा 'अजून काही नाही' आणि 'लक्ष ठेवा' यांच्या मधला आकडा. रक्ताच्या तपासण्या, वजन, मधुमेह यांच्या सोबतीनंच तो बोलतो.

आकडे मिसळू नका. एका सेंटरला टू-डीवर ६.९ आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे फायब्रोस्कॅनवर ८.४ आले, तर लिव्हर बिघडलं असं म्हणता येत नाही. ऊती नुसती लवचिक नसते, काकवीसारखी चिकटही असते, आणि चिकट माध्यमात लाटेचा वेग तिच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. फायब्रोस्कॅनची लाट ५० हर्ट्झची, रेट्याची लाट रुंद पट्ट्याची. दोघींचा वेग एकच यायचं कारण नाही. एमआरच्या आकड्यात तर सापळाच आहे. तिथे किलोपास्कल शिअर मॉड्युलसचे असतात, तीननं गुणलेले नसतात. एमआरवर २.५ पर्यंत सामान्य आणि ५ च्या वर सिरोसिस, तर सोनोग्राफीवर ५ म्हणजे निरोगी. तोच आकडा, तेच एकक, अर्थ उलटा. म्हणून पाठपुरावा एकाच पद्धतीवर, शक्यतो एकाच मशीनवर, आणि फाइलमध्ये मशीनचं व प्रोबचं नाव लिहून ठेवा.

लिव्हरबाहेरचं थोडक्यात. स्तन आणि थायरॉइडमध्ये दाबणं हा मुख्य शत्रू आहे. ऊती दाबली की ती खरोखरच कडक होते. जेलचा जाड थर ठेवा, तो पडद्यावर वर दिसत राहिला पाहिजे. फार कडक कॅन्सरच्या गाठीत कधी लाटच शिरत नाही. तिथे रंग रिकामा राहतो किंवा मऊचा निळा येतो. त्याला मऊ समजणं घातक आहे, गाठीच्या कडेची रिंग बघा. स्नायूत तंतूंच्या दिशेनं लाट वेगानं जाते, आडवी हळू. तालमीतल्या पैलवानाच्या मांडीवर प्रोब ९० अंशांत फिरवला की आकडा बदलतो, आणि स्नायू जरा आवळला तरी बदलतो. तीननं गुणायचं सूत्र सर्व दिशांना सारख्या ऊतीसाठीच खरं असल्यानं स्नायू आणि टेंडनचा निकाल मीटर प्रति सेकंदातच द्यावा.

नव्या हाताला सराव हवा असेल तर तो पेशंटवर नको, जिलेटिनच्या ठोकळ्यावर करा. बेकरीचं सामान मिळतं तिथे बिनचवीचं जिलेटिन मिळतं. २ लिटर पाणी आधी उकळून झाकून गार करा, म्हणजे विरघळलेली हवा जाते. १६० ग्रॅम जिलेटिन अर्धा लिटर गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा. उरलेलं पाणी गरम करून त्यात मिसळा आणि मिश्रण ६० अंशांवर विरघळवा. उकळू देऊ नका, पकड जाते. मग २० ग्रॅम इसबगोल थोडं थोडं भुरभुरवत ढवळा. हे महत्त्वाचं, कारण नुसत्या जिलेटिनमध्ये प्रतिध्वनी देणारं काही नसतं आणि पडदा काळा राहतो. फेस चमच्यानं काढून टाका. मिश्रण घट्ट व्हायला लागेपर्यंत सावकाश ढवळत राहा, नाहीतर इसबगोल तळाला बसतं. तळाला रबराची चटई घातलेल्या १५ सेंटीमीटर रुंदीच्या डब्यात ओता. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, वापरायच्या आधी तीन-चार तास बाहेर काढून ठेवा.

सोबत ८० ग्रॅमचा, म्हणजे निम्म्या जिलेटिनचा, दुसरा ठोकळा लावा. जिलेटिनचा कडकपणा साधारण प्रमाणाच्या वर्गानं वाढतो, म्हणून वेग प्रमाणाच्याच पटीत यायला हवा. मऊ ठोकळ्यात वेग सुमारे निम्मा आणि किलोपास्कल पाव आले तर हात बरोबर बसला. डब्याच्या भिंतीपासून तीन सेंटीमीटर आत राहा, कडेवरून परतलेली लाट मापात मिसळते. प्रोब मुद्दाम तिरका धरून, मुद्दाम दाबून आकडा कसा हलतो तेही एकदा बघून ठेवा.

एप्रिल-मेच्या दुपारी हा ठोकळा एसी नसलेल्या खोलीत टिकत नाही, ३० अंशांच्या पुढे सैल पडू लागतो. चायना ग्रासचा केला तर उन्हाळा सोसतो, पण तो ठिसूळ असतो आणि प्रोबखाली भेगाळतो. जिलेटिन पहिल्या दिवसानंतरही मुरत राहतं, दुसऱ्या दिवशीचा आकडा पहिल्यापेक्षा चढा येतो. त्यामुळे दोन माणसांची किंवा दोन मशीनची तुलना करायची असेल तर ती एकाच दिवशी, एकाच तासात करा आणि खोलीचं तापमान शेजारी लिहा. तीन-चार दिवसांत बुरशी धरते, मग ठोकळा टाकून नवा लावा.